दिवसाचे २५ तास देणारा बोर्ड

बोर्डाला पाचपैकी दोन तारे. नागपुरात बर्डीवरच्या दुरुस्तीवाल्या भाऊंना पाच दिले असते, पण इथे तारे वस्तूला द्यायचे आहेत.

मानेवाडा रोडवर माझी अभ्यासिका आहे. रात्री अकराला बंद होते. १०:५० ला घंटा वाजावी आणि अकराला हॉलचे अर्धे दिवे जावेत, एवढ्या कामासाठी हा लिनक्स बोर्ड, म्हणजे लिनक्सवर चालणारा एका पट्टीवरचा छोटा कॉम्प्युटर, २,३०० रुपयांना ऑनलाइन मागवला. बाजारात तयार टायमर मिळतो, माहीत आहे. पण कधीकाळी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, हात शिवशिवतात.

घरी आठवडाभर व्यवस्थित चालला. अभ्यासिकेत भिंतीवर लावला तो इंटरनेटशिवाय. सोमवारी सकाळी सातला वेळ लावली. त्या रात्री घंटा वाजली १०:१२ ला. मंगळवारी सव्वानऊला, आणि पाठोपाठ दिवेही गेले. बुधवारी ८:१७ ला. तोवर एमपीएससीच्या पोरांनी चहाची पैज लावायला सुरुवात केली होती.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, 'इंटरनेट जोडा, वेळ आपोआप बरोबर होईल.' घरी नेमकं हेच झालं होतं. नेटवरून वेळ येऊन चूक दर थोड्या वेळानं पुसली जात होती. जुने लॉग उघडले तर ओळींच्या वेळा मध्येच मागे उड्या मारत होत्या. तेव्हा बघायला हवं होतं, नाही बघितलं.

मग मी सेल बदलला. तीस रुपये वाया. बोर्डावरचं सेलवर चालणारं घड्याळ, म्हणजे आरटीसी, ठणठणीत होतं. लिनक्स ते फक्त सुरू होताना वाचतं आणि पुढे स्वतःच्या काउंटरवर मोजत बसतं. दोन्ही वेळा शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं, आरटीसी खरी सांगते, सिस्टीम पळते.

पुढचा संशय नागपूरच्या मे महिन्यावर. पत्र्याखालची भिंत, बाहेर ४५ अंश, कुलर दुसऱ्या टोकाला.

खरी चाचणी फुकटची निघाली. बोर्डाला ६०० सेकंद झोपायची कमांड दिली, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. स्वारी ९ मिनिटं ३६ सेकंदांतच उठली. ६०० भागिले ५७६ म्हणजे बरोबर २५ भागिले २४. दिवसाला अख्खा एक तास पुढे. बोर्ड सुरू होतानाच्या मेसेजमध्ये टायमर २४.०० मेगाहर्ट्झवर चालतोय असं लिहिलेलं. म्हणजे खाली क्रिस्टल, म्हणजे ज्याच्या ठोक्यांवर सगळा बोर्ड वेळ मोजतो तो भाग, २५ चा असणार. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमध्ये, टायमरचा आकडा २५० लाख केला, पुन्हा सुरू केला, घड्याळ सुतासारखं सरळ. त्या रात्री मी स्वतःवर फार खूश होते.

पण पेनड्राइव्ह काही केल्या दिसेना. आधीही दिसत नव्हता, मला वाटलं पोर्ट खराब असेल. शेवटी बोर्ड पिशवीत टाकून बर्डीवर मोदी नंबरच्या एका गल्लीत गेले. जेमतेम एक टेबल मावेल एवढी जागा. गरमीचं बोलले तर भाऊंनी मान वर न करताच सांगितलं, "ताई, गरमीनं सेकंद हालते, घंटे नाही हालत." खरं आहे. हातघड्याळात असतो तो ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल ४५ अंशांना दिवसाला सेकंद-सव्वासेकंद चुकतो, तोही मागे पडतो.

त्यांनी सिरियलची वायर जोडली, बोर्डाचे मेसेज कॉम्प्युटरवर अक्षरांत दाखवणारी. नेहमीच्या सेकंदाला १,१५,२०० बिटांच्या वेगावर स्क्रीनवर अर्धी अक्षरं, अर्धा कचरा. (मला घरी हेच दिसायचं, मी वायरला दोष देत होते.) मग त्यांनी वेग १,२०,००० केला आणि अक्षरं स्वच्छ. पुन्हा तेच २५ भागिले २४! नंतर भिंग धरून चिपशेजारची तांदळाएवढी चकचकीत डबी दाखवली, तोच क्रिस्टल. तिच्यावर २५.०००. लॅनच्या (नेटच्या वायरच्या) चिपशेजारच्या डबीवरही २५.०००, पण तिथे तोच हवा असतो. "रीळ एकच लावून ठेवलं असन दोन्हीकडे," भाऊ म्हणाले. रीळ म्हणजे कारखान्यात यंत्राला लावतात ती सुट्या भागांची गुंडाळी.

म्हणजे माझी दुरुस्ती फक्त घड्याळापुरती होती. बाकी सगळे हिशोब २४ धरूनच चालले होते. प्रोसेसर चार टक्के जास्त पळत होता. यूएसबीला तर ४८० मेगाहर्ट्झ अगदी काटेकोर लागतात, तिथे ५०० पोचत होते.

हॉट एअरनं ती डबी काढून एका भंगार बोर्डावरची २४ ची बसवली. वीस मिनिटं, १५० रुपये. डिव्हाइस ट्रीतला आकडा मी तिथेच परत २४० लाख केला, नाहीतर घड्याळ आता उलटं मागे पडलं असतं. पेनड्राइव्ह पहिल्याच झटक्यात दिसला.

त्यानंतर तीन आठवडे घंटा १०:५० लाच वाजून राहिली आहे. बोर्डाचं बाकी काम चांगलं आहे. वायफाय पकडतो, तापतो कमी, रिलेच्या (दिवे चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) पिनांची नावं नीट छापलेली आहेत. घेतलाच तर भिंतीत खिळा ठोकण्याआधी इंटरनेट बंद करून ती दहा मिनिटांची चाचणी करा, पैसे परत मागण्याची मुदत संपायच्या आत. माझी संपली होती. विक्रेत्यानं पन्नास रुपयांचं कूपन पाठवलंय, तीस दिवस चालेल म्हणे. कोणत्या घड्याळानं तीस, ते लिहिलेलं नाही.