एपान्योल फ्रान्सेसाठी स्टीलचा कंगवा: कानामागे उत्तम, कुसळांपुढे हतबल

साधारण १९ सेंमी लांब, अर्ध्या भागात विरळ आणि अर्ध्यात दाट दात असलेला स्टीलचा कंगवा. एपान्योल फ्रान्से जातीचा कुत्रा पाळणाऱ्याकडे एवढं एकच हत्यार असलं तरी पुष्कळ.

‘एपान्योल’ म्हणजे स्पॅनियल, झुडपांतून पक्षी उठवणारा कुत्रा. नाव तसं असलं तरी हा पक्ष्याचा वास लागताच जागच्या जागी थिजून उभा राहणारा फ्रेंच शिकारी कुत्रा आहे. पांढरा, तपकिरी ठिपक्यांचा, नर ५६ ते ६१ सेंमी उंच. इंग्लिश जातींच्या लाटेत जवळजवळ संपलेली ही जात फादर फुर्निए यांनी सावरली. १९२१ मध्ये या जातीचा क्लब उभा राहिला.

अंगावरचे केस चपटे, त्यांना फार काही लागत नाही. गुंता होतो तो कानांवर, काखेत, मांड्यांमागे आणि शेपटीच्या झुपक्यात. तिथे आधी विरळ दात चालवा. केस मुळाशी चिमटीत धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून वर सरकायचं. मग दाट बाजू. ती अडली की समजा, गाठ राहिलीय. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं पुरतात, शिकारीहून आल्यावर मात्र दर वेळी. आंघोळीआधीच विंचरा, ओली गाठ आणखी आवळते.

घेताना दातांची टोकं मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. ओरखडा उठला तर कंगवा परत ठेवा. स्वस्त मालाचा मुलामा उडतो आणि खरखरीत दातांत केस अडकून तुटतात.

पण कुसळं या कंगव्याला सापडतीलच असं नाही. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात गवत वाळलं की ती बोटांच्या बेचक्यांत आणि कानात शिरतात, आणि उलट्या काट्यांमुळे पुढेच सरकतात. तिथे बोटंच चाचपडावी लागतात. बेचक्यांतले केस बोथट टोकाच्या कात्रीने कापून ठेवा. कुत्रा अचानक मान एका बाजूला कलती करून डोकं झटकू लागला तर कानात कापसाची काडी घालू नका, कुसळ आणखी आत जाईल. सरळ डॉक्टरांकडे न्या.

आणि पिल्लू स्वतःच्या पायाची बोटं जखम होईपर्यंत चावत असेल, तर दर वेळी दोष कुसळाचा नसतो. या जातीत वेदनाच न जाणवण्याचा एक आनुवंशिक आजार आढळतो. त्याची डीएनए चाचणी होते. पिल्लू घेण्याआधी आईबापांचे निकाल मागा.