‘फक्त कार्ब साफ करायला हवा’: जुन्या स्नोमोबिलपायी माझे ३,४०० डॉलर गेले

अमेरिकेत मिनेसोटात राहणाऱ्या आणि यंदा बर्फ पडायच्या आत जुनी स्नोमोबिल (बर्फावर चालवायची गाडी) घ्यायच्या विचारात असलेल्या आपल्या मंडळींनी हे कृपया शेवटपर्यंत वाचावं. माझे ३,४०० डॉलर गेले. २,३५० गाडीचे, आणि पुढे ट्यूनिंगच्या नावाखाली तीन हप्त्यांत १,०५०. दहा महिने घरच्यांशिवाय कुणाला बोललो नव्हतो, कारण लाज वाटत होती.

लाज अशासाठी की टू-स्ट्रोक इंजिन मला नवीन नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात काकांचं गॅरेज होतं. दहावीच्या सुट्टीपासून मी तिथे आरएक्स हंड्रेड मोटारसायकलचे कार्बोरेटर (कार्ब) खोलायचो. प्लग काढून रंग बघायचा: चॉकलेटी असला तर पेट्रोल-हवेचं मिक्श्चर बरोबर, काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर हवा जास्त आणि इंजिन सीज (जाम) व्हायच्या वाटेवर. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि तरी फसलो.

गाडी १९९८ सालची, ५०० सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. जाहिरातीत २,६०० डॉलर लिहिले होते. ‘गेल्या वर्षी वापरली नाही, फक्त कार्ब साफ करायला हवा.’ हे वाक्य मला पटलं, कारण ते बहुतेक वेळा खरंच असतं. इथल्या पंपांवरच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते टाकीत उन्हाळाभर पडून राहिलं की कार्बमध्ये चिकट राप धरतो आणि पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचं सुईएवढं भोक बुजतं. एक दुपार घालवली की काम होतं. मी मनात म्हटलं, लोक ज्याला घाबरून गाडी सोडतात ते आपल्याला येतं, तर आपला फायदा. असल्या माणसांना आपल्यासारखंच गिऱ्हाईक हवं असतं हे मला आता कळतंय. ज्याला काहीच येत नाही तो सोबत मेकॅनिक घेऊन जातो. ज्याला थोडं येतं तो एकटा जातो.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. बरोबर माझा अकरा वर्षांचा मुलगा. गावाबाहेरचं घर, मागे निळी शेड, अंगणात सगळीकडे ताजा बर्फ. ट्रेलरवर बर्फ, लाकडाच्या ढिगावर बर्फ, शेजारच्या जुन्या ट्रकवर वीतभर बर्फ. आणि मधोमध ही स्नोमोबिल, बॉनेट स्वच्छ, कोरडी. कडेला पाण्याचा ओघळ येऊन गोठलेला, बोटाएवढी बर्फाची कांडी लोंबत होती. मुलाने हातमोजे काढले, दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले आणि म्हणाला, “बाबा, हे गरम आहे. हात शेकतायत माझे.”

गाडी विकणारा माणूस लगेच म्हणाला, “तुम्ही लांबून येताय, थंडीत ताटकळायला नको म्हणून चालू करून ठेवली होती.” मी त्याचे आभार मानले.

हा क्षण रोज रात्री डोळ्यांसमोर येतो. काका एक गोष्ट शंभर वेळा सांगायचे: जुनी गाडी बघायला जायचं तर सायलेन्सरला आधी हात लाव, गरम असेल तर घरी ये. पिस्टनच्या रिंगा घासलेलं इंजिन गरम असताना एका झटक्यात चालू होतं, थंड असताना दोरी ओढून खांदा निखळायची वेळ येते. मला हे माहीत होतं. माझ्या पोराने तर हात लावून सांगितलं. मी तरीही त्याच्या चांगुलपणावर खूश होऊन उभा राहिलो.

माझी बाजूही ऐका. मी डोळे झाकून पैसे दिले नाहीत. सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज घेऊन गेलो होतो. दोन्ही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण दाबून दोरी ओढली. एका बाजूला १२५ पीएसआय, दुसऱ्या बाजूला १२२. अशा इंजिनाला १२० च्या आसपास मिळालं आणि दोन सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असला तर कुणीही ठीकच म्हणेल. प्लग नवेकोरे आणि तेलाने ओले होते, आणि चालू केल्यावर मिनिटभर दाट निळा धूर आला. टू-स्ट्रोक धूर काढणारच, असं मी धरलं. खरं म्हणजे प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडलं की झिजलेल्या रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बंद होतात आणि गेजचा काटा चढतो. फोर-स्ट्रोक गाड्यांत रिंगा गेल्यात की व्हॉल्व्ह हे ओळखायला आम्ही गॅरेजात हीच युक्ती वापरायचो. माझीच युक्ती माझ्यावर चालवली गेली.

प्लग नवेकोरे दिसले तर जुने मागा. फेकले म्हणाला तर निघून या.

कागदाचंही ऐका. मिनेसोटात स्नोमोबिलला मोटारीसारखं मालकीचं टायटल नसतं, नुसती नोंदणी असते. नोंदणीच्या कार्डावर तिसऱ्याच माणसाचं नाव होतं. विचारलं तर “मेव्हण्याची आहे, त्याने सही करून ठेवली आहे.” सही होती. बदलीचं काम खिडकीवर पाच मिनिटांत झालं, कुणी काही विचारलं नाही. विक्रीच्या चिठ्ठीवर ‘जशी आहे तशी’ हे शब्द त्याने स्वतः ठळक लिहिले आणि माझी सही घेतली. २,३५० रोख मोजून दिले.

घरी आणली, रात्रभर बाहेर ठेवली. सकाळी दोरी ओढून ओढून बावीसाव्या झटक्याला चालू झाली. कार्ब दोन्ही खोलले. जेट स्वच्छ होते! ज्या कामासाठी गाडी स्वस्त होती ते काम शिल्लकच नव्हतं. इथेही मी थांबलो नाही. थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचे आरपीएम लगेच खाली येत नव्हते, वरच रेंगाळत होते. ही कुठूनतरी चोरून हवा शिरत असल्याची खूण. कार्बच्या रबरी बुटांवर क्लीनर फवारून बघितलं, तिथे काही सापडलं नाही. क्रँकच्या सीलकडे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवती हवा अडवणाऱ्या रबरी कड्याकडे, माझं लक्ष गेलं नाही. आरएक्सचे क्रँक सील मी कधी बदलले नव्हते, काका बदलायचे.

त्या माणसाला फोन केला. तो चिडला नाही, उलट गोड बोलला. थंड हवा दाट असते, त्यामुळे पारा उतरला की त्याच जेटवर मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, मोठा मेन जेट लागतो, माझा एक मित्र फक्त ट्यूनिंगच करतो, असं सगळं समजावलं. यातलं दाट हवेचं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणूनच मी त्याच्या मित्राकडे गेलो. १८० डॉलर. त्याने मोठे जेट घातले, प्लग चॉकलेटी झाला, मी समाधानी. हवेची गळती तशीच राहिली आणि वरून पेट्रोल वाढवून ती झाकली गेली.

दोन आठवड्यांनी थंड इंजिनावर कॉम्प्रेशन घेतलं: एका बाजूला ११२, क्लचच्या बाजूला ९४. “पिस्टन आणि रिंगा बदलाव्या लागतील, बोअर घासून देतो,” तो मित्र म्हणाला. सामानासाठी आगाऊ ७२०, फोनवरच्या अॅपने. मित्र-नातेवाइकांना पाठवतो त्या पर्यायाने पाठवा, नाहीतर मला शुल्क पडतं, अशी त्याने गळ घातली. पाठवले. गाडी परत आणताना आणखी १५०. सिलिंडरच्या हेडला चंदेरी रंग मारलेला, गॅस्केट नवं. जुने पिस्टन मागितले तर म्हणाला भंगारात गेले. उद्यमनगरात कुठलाही फिटर काढलेला भाग फडक्यात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देतो, मागावाही लागत नाही. काढलेला भाग हातात आल्याशिवाय एक पैसा देऊ नका.

जानेवारीतला शेवटचा रविवार, मिल लॅक्स तळं. पारा उणे वीसच्या आसपास. मुलगा मागे बसलेला. काठापासून साधारण चार किलोमीटर आत गेल्यावर इंजिनाचा आवाज अचानक बारीक आणि चढा झाला. लीन झालेलं टू-स्ट्रोक सीज व्हायच्या आधी असंच ओरडतं. मी थ्रॉटल सोडेपर्यंत झटका बसला आणि सगळं गप्प झालं. दोरी जागची हलेना. वारा एवढा की मुलाच्या पापण्या गोठायला लागल्या. आइस फिशिंगला आलेल्या दोघांनी त्यांच्या गाडीला दोर बांधून आम्हाला किनाऱ्याला आणलं, एक डॉलर घेतला नाही. पैशाचा राग एक वेळ निवेल, पण पोराला त्या बर्फावर नेलं त्याचा राग माझा माझ्यावर आणि तो विकणारा व त्याचा मित्र या दोघांवर अजून तसाच आहे.

मग शेजारच्या गावातल्या एका वयस्कर मेकॅनिकने ९५ डॉलर घेऊन इंजिन माझ्यासमोर खोललं. पिस्टन जुनेच. डोक्यावर काजळीचा जाड थर, चार फेऱ्यांत तेवढा जमतच नाही. पिस्टनच्या कडेला उभे ओरखडे, आणि त्यांच्यावर आडव्या बारीक रेघा. “पॉलिश पेपर मारलाय,” तो म्हणाला आणि पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. रिंगा तेवढ्या नव्या होत्या. क्लचच्या बाजूच्या क्रँक सीलचं ओठ कडक होऊन फाटलेलं. तिथून हवा शिरत होती, पहिल्या दिवसापासून. त्यानेच दाखवलं की एक्झॉस्टचा पाइप सोडवून बॅटरीचा उजेड टाकला असता तर हेड न काढता, त्या माणसाच्या अंगणात, दहा मिनिटांत मला पिस्टनवरचे ओरखडे दिसले असते. हे करा. विकणारा नाही म्हणाला तर ते उत्तर समजा.

आता दाद कुठे मागायची? शेरीफच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाने दीड मिनिट ऐकलं आणि ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून मोकळा झाला. मी पिस्टन डब्यात घालून नेले होते, त्याने डबा उघडूनही बघितला नाही. अॅपवाल्यांनी कळवलं की मित्र-नातेवाइकांना पाठवलेल्या पैशाला संरक्षण नाही. जाहिरातीच्या साइटवरून तयार छापील उत्तर आलं. ग्राहक तक्रारीच्या खात्याला अकरा पानं पाठवली, फोटोंसकट. सहा आठवड्यांनी पत्र: खाजगी माणसांमधला व्यवहार, आम्ही यात पडू शकत नाही, आपण न्यायालयात जाऊ शकता.

गेलो. इथे छोट्या दाव्यांसाठी वकिलाशिवाय चालणारं न्यायालय आहे. पण नोटीस बजावायला समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता हवा. जाहिरातीतलं नाव वेगळं, अॅपवरचं वेगळं, कार्डावरचं ‘मेव्हण्याचं’. घर भाड्याचं निघालं. ट्रकचा नंबर माझ्याकडे फोटोत आहे, त्यावरून नाव द्या म्हणून परत शेरीफकडे गेलो, तर न्यायालयाचा कागद आणा. न्यायालयात म्हणतात, आधी नाव आणा. चार वेळा ही फेरी झाली, चारही वेळा अर्धी रजा टाकून. शेवटच्या वेळी खिडकीतली बाई म्हणाली, जुनी गाडी घेताना माणसाने बघून घ्यावं. माझ्या हातात कॉम्प्रेशनचे आकडे, तारखा, फोटो, पिस्टन, सगळं होतं. चोराला एक प्रश्न कुणी विचारला नाही, मला मात्र प्रत्येकाने विचारला: तुम्ही आधी तपासलं कसं नाहीत?

तपासलं होतं. म्हणून सांगतो, गेज घेऊन जा, पण आकडा इंजिन थंड असताना घ्या आणि प्लगची भोकं आधी फडक्याने पुसून, प्लग बाहेर ठेवून दहा-बारा वेळा दोरी ओढून आतलं तेल उडवून टाका. विकणाऱ्याला मेसेजवरच विचारा, इंजिन कधी सीज झालंय का, आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी बोललेलं माझ्या काही कामी आलं नाही. त्याचं ओळखपत्र बघून त्यावरचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. मागची बाजू उचलून ट्रॅक (खालचा रबरी पट्टा) हाताने फिरवून बघा. आणि विकणाऱ्याने सुचवलेल्या मेकॅनिककडे कधीही जाऊ नका.

मागच्या आठवड्यात तीच निळी शेड एका जाहिरातीत परत दिसली. गाडी वेगळी, किंमत २,४०० डॉलर, खाली ‘फक्त कार्ब साफ करायला हवा’. साइटला कळवलं. जाहिरात नियमांत बसते असं उत्तर आलं. मग मी मित्राच्या फोनवरून मेसेज टाकला, गाडी बघायची आहे. लगेच उत्तर आलं: या, तुम्ही येईपर्यंत गरम करून ठेवतो. मी लिहिलं, चालू करू नका, थंडच बघायची आहे. त्यानंतर त्याने उत्तर दिलेलं नाही. जाहिरात आज सकाळपर्यंत तिथेच होती.