बायबल वचनांचे रंगभरण पुस्तक: ८९९ रुपयांच्या संचात काय निघाले

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, जवळ आला की मोबाइलवर एक जाहिरात फिरू लागते: मोठ्यांसाठी बायबल वचनांचे रंगभरण पुस्तक, ए-फोर आकार, १०० पाने, १२० जीएसएम (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) कागद, सोबत १२० ‘आर्टिस्ट ग्रेड’ रंगीत पेन्सिली, सगळे मिळून ८९९ रुपये. एका चर्चच्या महिला मंडळाने असे २० संच मागवले आणि १७,९८० रुपये यूपीआयने आगाऊ भरले. आलेला माल उघडून, मोजून पाहिल्यावर हे लिहीत आहोत, कारण तीच जाहिरात आता दुसऱ्या दुकानाच्या नावाने सुरू आहे.

आधी कागद. ए-फोरचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणून १६ कागदांचे ग्रॅममधले वजन म्हणजेच जीएसएम. १०० पाने म्हणजे ५० कागद. ते १२० जीएसएमचे असते तर आतल्या कागदांचेच वजन ३७५ ग्रॅम झाले असते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मुखपृष्ठासकट अख्खे पुस्तक २५० ग्रॅम भरले. मुखपृष्ठाचे तीसेक ग्रॅम वजा केले की उरतो ७० जीएसएमचा साधा झेरॉक्सचा कागद. त्यात चित्रे दोन्ही बाजूंना. अल्कोहोल मार्कर लावला की रंग मागच्या चित्रात उतरतो आणि खालच्या पानालाही डाग पडतो. पेन्सिलीलाही हा कागद साथ देत नाही: तो इतका गुळगुळीत आहे की दोन थरांनंतर मेण नुसते घसरते आणि जोर दिला तर मागे वळ उमटतात. म्हणून पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: पुस्तकाचे वजन किती, आणि चित्राची मागची बाजू कोरी आहे का.

वचनांची हेळसांड मात्र त्याहून जास्त लागते. फिलिप्पैकरांस पत्रातल्या सामर्थ्याच्या वचनाखाली ४:३१ असा संदर्भ छापला आहे. त्या अध्यायात वचनेच २३ आहेत. हवे होते ४:१३. ‘हेही दिवस जातील’ ही ओळ फुलांच्या वेलबुट्टीत वचन म्हणून दिली आहे. बायबलमध्ये ती कुठेच नाही. मेंढपाळाच्या हाताला सहा बोटे, आणि काठी मुठीत शिरते एका रेषेत, बाहेर पडते दुसऱ्याच. संगणकाकडून चित्र काढून घ्यायचे आणि न तपासता छापायचे, त्याची ही खूण. मराठी पानांवर ‘ख्रिस्त’ मधली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर पडली आहे आणि ‘स्त’ फुटून दोन सुटी अक्षरे झाली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सोय चालू न करता मजकूर ओतला की असे होते. दुःखात असलेल्या एखाद्या बहिणीला सांत्वन म्हणून हेच पान दिले जाणार होते, याचा संताप येतो. चांगल्या पुस्तकात सुरुवातीलाच कोणते भाषांतर वापरले ते छापलेले असते. त्या पानाचा फोटो मागवावा आणि आतल्या पाच-सहा पानांवरची वचने बायबल उघडून ताडून पाहावीत.

पेन्सिलींच्या जाहिरातीत फोटो पॉलिक्रोमॉस या फाबर-कास्टेलच्या नामांकित पेन्सिलींच्या डब्याचा होता, पार्सलमध्ये बिननावाच्या पेन्सिली निघाल्या. खरी पॉलिक्रोमॉस गोल असते, लीड ३.८ मिमी जाड आणि तेलाच्या मिश्रणाची असते; प्रत्येक पेन्सिलीवर रंगाचा क्रमांक असतो आणि उजेडात रंग किती टिकेल हे सांगणारे तारे असतात. इथे पांढऱ्या कागदावर पट्टे ओढून पाहिले तर निळ्यांतल्या सहा पेन्सिली हुबेहूब सारख्या, फक्त बाहेरचा रंग वेगळा. मागच्या टोकाकडून पाहिले तर लीड लाकडाच्या मध्यावर नाही. अशा पेन्सिलीचे लाकूड शार्पनरमध्ये एका बाजूने जास्त कापले जाते आणि टोक पुन्हा पुन्हा तुटते. चांगल्या प्रतीच्या १२० पेन्सिली या किमतीत येऊच शकत नाहीत. सुट्या पेन्सिली मिळतात अशा ब्रँडचा २४ चा संच घ्यावा. संपेल तो रंग तेवढाच आणता येतो.

विक्रेत्याने ‘उघडलेला माल परत घेत नाही’ एवढेच उत्तर दिले. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दुकान बनावटच असेल तर सायबर हेल्पलाइन १९३०, आणि तीही पैसे गेल्याचे कळताच, कारण रक्कम पुढे सरकली की ती गोठवणे कठीण जाते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि काट्यावर ठेवलेल्या पुस्तकाचा फोटो जपून ठेवा. पुढच्या वेळी आधी एकच संच मागवा आणि तो तपासूनच बाकीचे पैसे द्या.

पुस्तके घरात पडूनच असतील तर मार्कर बाजूला ठेवा. पानाखाली जाड कार्डशीट सरकवून हलक्या हाताने पेन्सिलीच वापरा, आणि चुकीचा संदर्भ खोडून बरोबर तो न पसरणाऱ्या शाईच्या काळ्या पिगमेंट पेनने शेजारी लिहा.