फोर्टातून विमानतळ: टॅक्सी, लोकल की भुयारी मेट्रो?

मुंबईत मंत्रालयातलं किंवा हायकोर्टातलं काम आटोपायचं आणि संध्याकाळच्या विमानानं नागपूर गाठायचं, हा अनेकांचा ठरलेला दिनक्रम. माझं मत आधीच सांगते: दिवसा आणि संध्याकाळी मेट्रो, अपरात्री टॅक्सी, आणि लोकल फक्त पाठीवर एखादी सॅक असेल तरच.

आपण सहसा विचारतो, "किती वेळ लागतो?" विमान पकडणाऱ्यानं विचारायला हवं, "जास्तीत जास्त किती लागू शकतो?" टॅक्सी आणि मेट्रोतला खरा फरक तिथे आहे.

टॅक्सी पहाटे पाऊण तासात टी-टूला, म्हणजे विमानतळाच्या टर्मिनल २ ला, सोडते. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला तोच प्रवास दीड तासाचा होतो, आणि पाऊस लागला तर दोन तासही कमी पडतात. "आता कोस्टल रोड झालाय ना!" हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. झालाय, आणि मरीन ड्राइव्हवरून बोगद्यात शिरून थेट सी-लिंकला लागता येतं, हे सुख खरंच मोठं आहे. पण सी-लिंक वांद्र्याला संपतो. तिथून पुढे कलानगर, वाकोला, पार्ले असा द्रुतगती महामार्ग उरतोच, आणि संध्याकाळी सगळी उपनगरं त्याच रस्त्यानं घरी निघालेली असतात. शिवाय सी-लिंकचा टोल वेगळा.

गूगल मॅप्स आत्ताची वाहतूक दाखवतं, म्हणून दुपारी तीनला पाहिलेला आकडा सहाच्या प्रवासाला लावू नका. निघण्याची वेळ तिथे आधी भरता येते. मग एक आकडा न येता, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन येतात. हिशेब मोठ्या आकड्याचा करा.

मेट्रो ३, म्हणजे ॲक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड ते आरे अशी पूर्ण ३३.५ किलोमीटर धावते. विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी ही सगळी स्थानकं तिच्यावर आहेत, आणि टी-टूचं स्वतंत्र स्थानकही. फोर्टातून तिथवर गाडीत साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. संपूर्ण मार्गाचं भाडंसुद्धा ७० रुपयेच. शक्य असेल तर विधान भवनला चढा. कफ परेडनंतरचं ते पहिलंच स्थानक, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. सरकते जिने, बॅगेची तपासणी, गाडीची वाट आणि टर्मिनलपर्यंतची चाल यांना मात्र वीस-पंचवीस मिनिटं वेगळी धरा.

समजा, विमान रात्री साडेआठचं आहे. देशांतर्गत उड्डाणाला बहुतेक कंपन्या तासभर आधी बॅग घेणं बंद करतात, म्हणजे साडेसातला. मेट्रोनं पावणेसहाला निघालात तरी सातच्या आत काउंटरपाशी असाल. तेवढ्याच निर्धास्तपणे टॅक्सीनं जायचं तर साडेचारला निघायला हवं. बाहेरगावाहून एका दिवसासाठी आलेल्या माणसाला हा सव्वा तास फार मोलाचा असतो.

मेट्रोच्याही मर्यादा आहेत. रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते आणि सकाळी सहाच्या आसपास पहिली, त्यामुळे मध्यरात्रीच्या आणि भल्या पहाटेच्या विमानांना तिचा उपयोग नाही. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरून तिथली सेवा थांबली होती. म्हणून अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी कुठल्याही वाटेनं जा, पण तासभर आधी निघा. अनंत चतुर्दशीला आणि मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी रस्ते बंद असतात. तेव्हा टॅक्सीचा विचारच नको.

लोकलबद्दल थोडक्यात. चर्चगेटहून अंधेरी फास्टनं अर्ध्या-पाऊण तासात येतं, पण संध्याकाळच्या गर्दीत सुटकेस घेऊन अंधेरीला उतरणं हीच परीक्षा. पुढे रिक्षा केली की पुन्हा रस्त्यावरच्या कोंडीत. रविवारी दुरुस्तीसाठी रेल्वेचा ब्लॉक असला तर तेही बघावं लागतं.

आणि तिकिटावर विमानतळ कुठला ते नीट वाचा. टी-वन आणि टी-टूची मेट्रो स्थानकं वेगळी आहेत. नवी मुंबईचं विमान असेल तर यातलं काहीच लागू नाही. फोर्टातून टॅक्सी करून अटल सेतूनं जावं.