सीस्टार एस५०: सभागृहात बसून आकाश दाखवण्यासाठी घेतलेली दुर्बीण

सीस्टार एस५० ला डोळा लावायची जागाच नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण दुर्बीण म्हटली की माणूस एक डोळा मिटून वाकायला लागतो. इथे पुढे ५० मिलिमीटर व्यासाचं भिंग, मागे कॅमेऱ्याचा सेन्सर, आणि चित्र थेट मोबाइलवर. तिथून टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर न्यायचं. जुन्या हौशी निरीक्षकांना हा प्रकार रुचत नाही हे मला माहीत आहे. मला ज्या कामासाठी दुर्बीण हवी होती, त्या कामाला मात्र हीच योग्य वाटली, आणि ती का ते सविस्तर लिहिते.

चाळीसगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. आमच्याकडे आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे हाताने फिरवायची आणि डोळा लावून बघायची साधी दुर्बीण, आधीपासून आहे आणि आकाशदर्शनाचे कार्यक्रम आम्ही करत आलो आहोत. त्या कार्यक्रमांत एक गोष्ट मला फार लागायची. रांगेत उभं राहून आलेली एखादी आजी आयपीसपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी, वाकते, तिला डोळा नेमका कुठे धरायचा ते उमगत नाही, मागे पन्नास माणसं ताटकळलेली असतात, आणि ती अहिराणीत म्हणते, "दिसनं, दिसनं," म्हणजे दिसलं, दिसलं. तिला काही दिसलेलं नसतं. आपल्यामुळे खोळंबा नको म्हणून ती बाजूला होते. ज्यांचे गुडघे धरलेत, ज्यांना मोतीबिंदू आहे, ज्यांच्या कडेवर लेकरू आहे, जे व्हीलचेअरवर आहेत, त्यांच्यासाठी आकाशदर्शन नावापुरतंच उरतं. त्यात जानेवारीत आमच्याकडे पारा दहाच्याही खाली येतो. साठीपुढच्या माणसाला दोन तास उघड्या मैदानावर उभं करायचं म्हणजे जिवावरचं काम.

म्हणून यंदा ठरवलं: दुर्बीण मैदानात, माणसं सभागृहात, आणि पडद्यावर त्याच क्षणाचं आकाश. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि झेडडब्ल्यूओ कंपनीची ही सीस्टार आली.

वजन साधारण अडीच किलो. सोबत छोटा तिपाई स्टँड आणि सूर्यासाठीचं फिल्टर येतं. आत ६००० एमएएचची बॅटरी आहे, ती सहाएक तास चालते. आमच्याकडे रात्रीची लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. लाइट गेली तरी दुर्बीण आपली तारा धरून उभी असते. इन्व्हर्टर फक्त प्रोजेक्टरसाठी आणि राउटरसाठी लागतो. शेजारी पाण्याच्या पाळीचं रान असेल तर दव पडतं, त्यासाठी भिंगाजवळ हीटरही दिला आहे. कार्यक्रमाच्या आधी स्टँड सपाट करण्यात मात्र कसूर करू नका. ॲप पातळी दाखवतं, तिथे नीट वेळ द्या. स्टँड बुटका आहे, पण तो टेबलावर ठेवण्याचा मोह टाळा. टेबल हलतं. आम्ही ध्वजस्तंभाच्या सिमेंटच्या ओट्यावर ठेवली.

वाय-फायबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा कार्यक्रम त्याच्यावर उभा असतो. दुर्बीण स्वतःचं हॉटस्पॉट देते, पण मैदानातून जाड भिंतीच्या आत सिग्नल पोहोचेल या भरवशावर राहू नये. ॲपमध्ये दुर्बिणीला शाळेच्या राउटरशी जोडायची सोय आहे. राउटर सभागृहाच्या खिडकीत ठेवला, मैदानाकडे तोंड करून, आणि आदल्या रात्री रिकाम्या सभागृहात तासभर चालवून बघितलं. टॅबलेटवर ॲप, टॅबलेट प्रोजेक्टरला. चित्र उभं असतं आणि पडदा आडवा, त्यामुळे दोन्ही अंगांना काळी जागा राहते. आम्ही पडद्याच्या डाव्या बाजूला फळा ठेवला. जे चालू आहे त्याचं नाव आणि अंतर नववीच्या मुली तिथे मोठ्या अक्षरात लिहीत होत्या. मागच्या रांगेतल्या माणसालाही त्याचा उपयोग झाला.

तारीख ठरवताना मी पंचांग घेऊन बसले. नुसत्या तेजोमेघांसाठी, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या अंधूक ढगांसाठी, अमावास्या बरी, पण गावाला चंद्र दाखवला नाही तर गाव नाराज होतं. पौर्णिमेचा चंद्र नको, त्यावर सावल्या नसतात आणि सगळं आकाश धुऊन निघतं. शुक्ल पंचमीचा चंद्र दोन्ही बाजू सांभाळतो: संध्याकाळी पश्चिमेला छान उंच, दहा-साडेदहाला मावळतो. २३ जानेवारी २०२६, वसंत पंचमी, शुक्रवार. ग्रामपंचायतीला सांगून शाळेजवळचे एलईडी दिवे तीन तास बंद ठेवले. संक्रांत नुकतीच झालेली, तेव्हा पतंगाचा लाल कागद घरोघरी होता. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून मुलांनी तो टॉर्चवर गुंडाळून आणला.

सात वाजता चंद्रापासून सुरुवात केली. सीस्टारच्या सेन्सरवर चंद्राचं बिंब साधारण साडेसातशे पिक्सेल रुंद येतं, म्हणजे चौकटीत पूर्ण मावतं आणि कडेला मोकळी जागाही राहते. पडदाभर ती कोर आली आणि सभागृहात एकच गलका झाला. मारे क्रिसियम या चंद्रावरच्या मैदानाचा काळसर लंबगोल, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या. आठवीतला एक पोरगा उठला आणि सरळ विचारलं, "मॅडम, हे यूट्यूबवरचं नाही ना?" मला हा प्रश्न फार आवडला. त्याला बाहेर पाठवलं आणि दुर्बिणीच्या तोंडापुढे हात धरायला सांगितलं. पडदा काळा झाला. हात काढला, चंद्र परत आला. मग दहा-बारा पोरांनी पाळीपाळीने तेच केलं आणि आत बसलेले आजोबा लोक प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होते. चंद्राची कड किंचित थरथरत होती. तो थरथराट म्हणजे आपल्याच डोक्यावरची हवा, हेही तेव्हाच सांगता आलं. असा कार्यक्रम ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा हाताचा प्रयोग पहिल्या पाच मिनिटांत करावा. पडद्यावरचं चित्र आत्ताचं आहे, याची खात्री पटल्याशिवाय पुढचं सगळं लोकांना सिनेमा वाटतं.

या दुर्बिणीचं खरं सामर्थ्य त्यानंतर, आठच्या सुमाराला दिसलं. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, एम ४२, तेराशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर. ॲपमध्ये नाव निवडलं की दुर्बीण स्वतः वळते, ताऱ्यांचा नमुना ओळखून जागा पक्की करते आणि दहा-दहा सेकंदांची छायाचित्रं घ्यायला लागते. प्रत्येक नवं छायाचित्र आधीच्यावर ताऱ्याला तारा जुळवून बसवलं जातं. पहिल्या दहा सेकंदांत गुलाबीसर डाग आणि भरपूर दाणे. दुसऱ्या मिनिटाला डागाला पंख फुटतात. पाचव्या मिनिटाला मधली काळी खाच, कडेचे पदर, आणि दाणे विरत गेलेले. शंभर छायाचित्रं जमली की ही दाण्यांची खरखर सुमारे दहापट कमी होते, हे गणित मी दहावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवलं. बाकीच्यांना मात्र एकच वाक्य सांगितलं: हे ठिबकसारखं आहे, थेंब-थेंब उजेड पडतोय आणि दुर्बीण तो साठवतेय. पुढच्या रांगेतल्या केळीवाल्या आप्पांनी मान डोलावली आणि शेजाऱ्याला अहिराणीत मला जमलं नसतं इतकं नीट समजावून दिलं.

हे वाट बघणंच मला सगळ्यात मोलाचं वाटलं. तयार फोटो पुस्तकात असतोच. इथे दोनशे माणसं एका अस्पष्ट डागाकडे बघत बसली होती आणि तो डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तेजोमेघ होत होता. कुणी मोबाइल काढला नाही. नंतर मी लोकांना वीस-वीसच्या गटाने बाहेर नेलं आणि तोच तेजोमेघ डॉब्सोनियनमधून दाखवला. तिथे तो राखाडी, फार तर हिरवट दिसतो, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. आतला रंगही खरा आणि बाहेरचा राखाडीही खरा. आत आधी बघून आल्यामुळे आयपीसमध्ये नेमकं काय शोधायचं ते लोकांना कळत होतं. खोटं "दिसनं" मला त्या रात्री ऐकू आलं नाही. एका माउलीने तर आयपीसवरून डोळा न काढताच मला सांगितलं, "मॅडम, तो मधला काया पट्टा शे ना, तो बी दिस राहिना." म्हणजे, मधला काळा पट्टा आहे ना, तोही दिसतोय.

त्यानंतर क्रॅब तेजोमेघ. वृषभेतली ही अंधूक वस्तू सार्वजनिक कार्यक्रमात सहसा कुणी घेत नाही, कारण साध्या दुर्बिणीत धुराच्या ठिपक्यापलीकडे काही हाती लागत नाही. मी ती हट्टाने घेतली. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी तिथे नवा तारा नोंदवला, तो तेवीस दिवस भर दिवसाही दिसत होता. त्या फुटलेल्या ताऱ्याचे हे अवशेष, सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर. आणि त्यानंतर साठ वर्षांनी, १११४ मध्ये, भास्कराचार्य जन्मले. आमच्या पाटणादेवीच्या परिसरातला शिलालेख त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ स्थापला, निकुंभ घराण्याच्या सोइदेव-हेमाडिदेवांनी त्याला दान दिलं, आणि १२०७ मध्ये हे दगडावर कोरलं गेलं. दर नवरात्रात देवीला जाणाऱ्या माझ्या गावच्या माणसांना तिथे एके काळी भास्कराचार्यांचा गोलाध्याय, म्हणजे त्यांच्या ग्रंथातला खगोलाचा भाग, शिकवला जायचा हे सांगताना मला भरून आलं. प्रकाशप्रदूषण कापणारं फिल्टर ॲपमधून चालू केलं, आणि दहा मिनिटांत पडद्यावर तांबूस कडा असलेला लंबगोल उमटला.

आता मर्यादा. ग्रहांसाठी ही दुर्बीण घेऊ नका. तिची नाभीय लांबी (भिंगापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर) फक्त २५० मिलिमीटर, त्यामुळे एका पिक्सेलला जवळजवळ अडीच विकला येतात (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). गुरूचं बिंब जेमतेम वीस पिक्सेल, शनीचं सात-आठ. मोठ्या पडद्यावर ताणलं तर नुसते चौकोन. गुरूचे चार चंद्र मात्र टिपक्यांच्या रूपात छान येतात. आम्ही ग्रह डॉब्सोनियनवर सोपवले: मिथुनेत गुरू आणि त्याचे पट्टे, पश्चिमेला चंद्राच्याच अंगणात शनी. त्याची कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे अगदी कडेने वळली होती. आमच्या कार्यक्रमाच्या वेळीही ती बारीक रेघेएवढीच होती, तेव्हा फोटोतल्यासारखा शनी बघायला आलेल्यांना आधीच सांगून ठेवलं.

दुसरी गोष्ट आपल्या अक्षांशाची, आणि परदेशी परीक्षणांत तिचा उल्लेख क्वचितच सापडेल. चाळीसगाव साडेवीस अंश उत्तरेला. कृत्तिका आणि क्रॅब दोन्ही जवळजवळ डोक्यावरून जातात. वर-खाली आणि आडवी फिरणारी कुठलीही दुर्बीण ऐन माथ्यावर अडखळते, कारण तिथे तिला आडव्या दिशेने फार भरभर वळावं लागतं. जानेवारीअखेर कृत्तिका आठच्या सुमाराला माथ्यावर असतात, क्रॅब दहाच्या आधी. त्यामुळे क्रॅब साडेआठलाच उरकायचा आणि कृत्तिका साध्या डोळ्यांनी दाखवायच्या. तसाही तो पुंजका दोन अंशांच्या घरात पसरलाय आणि इथली चौकट सव्वा अंश बाय पाऊण अंश. देवयानी दीर्घिकाही (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) एका चौकटीत मावत नाही, फक्त तिचा गाभा आणि धुळीचे पट्टे येतात. तेवढंही पंचवीस लाख वर्षं जुन्या प्रकाशाचं चित्र आहे, लोक खूश होतात.

सोबतचं सूर्याचं फिल्टर पुढच्या सकाळी वापरलं आणि परिपाठानंतर सगळ्या शाळेला सूर्यावरचे डाग पडद्यावर दाखवले. लहान वर्गांसाठी याहून सुरक्षित मार्ग मला ठाऊक नाही, कारण कुणाचाच डोळा दुर्बिणीजवळ जात नाही. दुसरी दुर्बीण मात्र त्या वेळी झाकून, कुलपात ठेवा.

एकट्याने घेण्यापेक्षा तालुक्यातल्या चार-पाच शाळांनी किंवा वाचनालयांनी मिळून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. महिन्यातल्या चांगल्या रात्री मोजक्याच असतात आणि पेटी मोटारसायकलवरून सहज नेता येते. बोलणारा माणूस मात्र प्रत्येक ठिकाणी तयार हवा. छायाचित्रं साठत असताना जी पाच-दहा मिनिटं मिळतात, ती भरायला सांगण्यासारखं काही नसेल तर लोक उठून जातात. आमच्याकडे त्या वेळात एका पालकांनी कळण्याची भाकरी आणि भरीत फिरवलं. भरताचे दिवस असताना ते जमतं.

पुढचा कार्यक्रम मार्चच्या अमावास्येला धरलाय, सप्तर्षींजवळच्या एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिकांसाठी. एप्रिल-मे मुद्दाम टाळलाय. या सेन्सरला थंड ठेवायची व्यवस्था नाही, तापमान वाढलं की चित्रातले दाणे वाढतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात रात्री नऊलाही सभागृहाचे पत्रे तापलेले असतात.