फ्लॉपी मागणाऱ्या एम्ब्रॉयडरी मशीनला पेन ड्राइव्ह: एम्युलेटर वापरून बघितला

आमचं सोलापुरात शाळेच्या गणवेशांच्या खिशांवर मोनोग्राम भरून द्यायचं काम आहे. मशीन जपानी, सहा हेडचं (एका वेळी सहा खिसे भरणारं), सेकंडहँड घेतलेलं. मोटर, फ्रेम, सुया सगळं ठणठणीत. रडायचा तो फक्त डिझाइन वाचणारा फ्लॉपी ड्राइव्ह. सोनीनं 2011 च्या मार्चमध्ये जपानात फ्लॉपी विकणं थांबवलं. आज ‘नवी’ म्हणून जी मिळते ती कुणाच्या तरी गोदामात इतकी वर्षं पडून असलेली. त्यात आमच्याकडे सुताचा तूस हवेतच असतो. तो ड्राइव्हमध्ये गेला की मशीन डिझाइन वाचेना, आणि हे नेमकं मे महिन्यात, जेव्हा प्रत्येक शाळेला बिल्ले कालच हवे असतात.

म्हणून फ्लॉपी एम्युलेटर, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेणारा डबा, मागवला. बाजारात याला सरसकट गोटेक म्हणतात. माझ्या डब्यावर मात्र कुठल्याच कंपनीचं नाव नाही. दोन हजारांच्या आत पडला. आकार साडेतीन इंची ड्राइव्हचाच, मागे तीच 34 पिनांची जागा, त्यामुळे जुना ड्राइव्ह काढून त्याच खाचेत, त्याच स्क्रूंवर बसतो. पुढे यूएसबीचं तोंड, दोन बटणं आणि तीन आकडे दाखवणारा लाल डिस्प्ले.

काम त्याचं एकच, मशीनला गंडवायचं. मशीन म्हणतं पुढच्या ट्रॅकवर (फ्लॉपीवरच्या पुढच्या गोल पट्ट्यावर) जा, हा म्हणतो गेलो. आत फिरणारं काहीच नाही. मशीनला मात्र 80 ट्रॅकची, दोन बाजूंची, 1.44 एमबीची फ्लॉपी दिसते. पेन ड्राइव्हवर अशा फ्लॉप्या ओळीनं मांडलेल्या असतात: 000, 001, 002. बटण दाबून आकडा बदलला की फ्लॉपी बदलली. माझा पेन ड्राइव्ह 16 जीबीचा आहे; हजार फ्लॉप्या भरल्या तरी दीड जीबीच लागेल. तेव्हा नवा घेऊ नका, ड्रॉवरमधला जुनाच वापरा.

1.44 एमबी ऐकून भाचा हसला होता. त्याच्या मोबाइलचा एक फोटोसुद्धा त्यात बसायचा नाही. पण आमच्या डीएसटी फाइलमध्ये, म्हणजे एम्ब्रॉयडरी मशीनच्या डिझाइन फाइलमध्ये, एका टाक्याला 3 बाइट लागतात, सुरुवातीला 512 बाइटचा मजकूर. दहा हजार टाक्यांचा बिल्ला म्हणजे जेमतेम 30 केबी. एका फ्लॉपीत असे चाळीस बिल्ले आरामात मावतात. रंग त्या फाइलमध्ये नसतातच, ‘इथे दोरा बदल’ एवढीच खूण असते. कुठला दोरा ते कारागिरानं बघायचं. ज्यानं हे ठरवलं त्यानं जागा फार विचारानं वापरली, असं मला अजूनही वाटतं.

आता तक्रारी. डिस्प्लेवर नाव येत नाही, फक्त आकडा. कुठल्या आकड्यावर कुठली शाळा, याचा तक्ता भिंतीवर चिकटवावा लागला. दुसरं, हा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला की 16 जीबीच्या जागी 1.44 एमबीच दिसतात. बाकीच्या फ्लॉप्यांत डिझाइन टाकायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते इतकं गचाळ आहे की काय सांगू. तिसरं, सोबतचा कागद. त्यावरचं इंग्रजी वाचून जंपर (दोन पिना जोडणारी चिमुकली टोपी) कुठला लावायचा हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. एका जागी लावला तर मशीन ‘डिस्क नाही’ म्हणतं, शेजारी सरकवला की चालतं. आमचे ऑपरेटर अण्णा शेवटी म्हणाले, “ताई, तुम्ही तो कागद ठेवा बाजूला, मी बघतो.” बघितलं त्यांनीच.

पहिल्या दोन तक्रारींवर इलाज आहे. फ्लॅशफ्लॉपी नावाचं फर्मवेअर, म्हणजे एम्युलेटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. ते चढवलं की साध्या पेन ड्राइव्हवर फ्लॉपीच्या इमेज फाइली (अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलमधली नक्कल) नावासकट ठेवता येतात, आणि छोटा ओएलईडी डिस्प्ले जोडला तर शाळेचं नावही दिसतं. पण ते आपल्या एम्युलेटरमधल्या चिपवर चालतं का, हे विक्रेत्याला आधी विचारा. अण्णांना लाल आकडे पाठ झालेत, ते बदलायला तयार नाहीत, त्यामुळे आमचं अडलंय.

घेण्याआधी तुमच्या मशीनची जुनी फ्लॉपी हातात घ्या. कोपऱ्यात एकच चौकोनी भोक असेल तर ती 720 केबीची, दोन्ही कोपऱ्यांत असेल तर 1.44 ची. त्याप्रमाणे एम्युलेटर मागवा, नाहीतर परत पाठवायची कटकट. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या मशीनला हा खाचेत नीट बसणारच नाही.

नवं मशीन लाखांत जातं, हा दोन हजारांत. पाचपैकी चार देते. एक तारा त्या कागदाचा कापला. आणि जुन्या फ्लॉप्यांवरची डिझाइनं यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हनं सीझन सुरू व्हायच्या आत उतरवून घ्या. बुरशी धरलेली फ्लॉपी आधी घालू नका, ती ड्राइव्हचं वाचणारं हेड घाण करते आणि मग चांगल्या फ्लॉप्याही वाचता येत नाहीत.