खादीचं दुपदरी गाळणं: कापड उत्तम, इलॅस्टिक नको

जैन पद्धतीने पाणी गाळायचं हे कापड 36 अंगुळं (बोटाच्या रुंदीचं माप) लांब, 24 रुंद. दुमडल्यावर घागरीच्या तोंडावर छान खोलगट बसतं. वीण घट्ट आहे. दुहेरी करून उन्हात धरलं तर किरण आरपार येत नाहीत, आणि खरी परीक्षा तीच. आधी खळ धुऊन काढा, नाहीतर पाणी झिरपतच नाही.

खटकतं ते नळाला अडकवायचं इलॅस्टिक. गाळणं तिथे सतत ओलं राहतं, त्यातच जीव होतात. शिवाय जिवाणी राहून जाते: गाळणं न पिळता उलटं करून, गाळलेल्याच पाण्याच्या धारेने त्यात अडकलेले जीव मूळ पाण्यात, म्हणजे पाणी जिथून काढलं तिथेच, सोडायचे असतात. विहीरवाल्यांना हे सोपं, फ्लॅटमध्येच अडतं. नंतर कडकडीत वाळवा. गाळलेलं पाणी 48 मिनिटांनी पुन्हा गाळावंच लागतं.